घराण्याचं दान: मुद्दल राखायचं की संपवायचं?

नाशिकच्या पांडवलेण्यांत दहाव्या क्रमांकाच्या लेण्याच्या ओसरीत एका ठेवीची पावती कोरलेली आहे. सुमारे १९०० वर्षांपूर्वीची. क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याने तीन हजार कार्षापण (त्या काळची नाणी) गोवर्धन इथल्या कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यवसायसंघांकडे, ठेवले. एका श्रेणीकडे २,०००, व्याज दरमहा शेकडा एक. दुसरीकडे १,०००, व्याज दरमहा शेकडा पाऊण. पहिल्या ठेवीचं वर्षाचं व्याज होतं २४० कार्षापण. पावसाळ्यात लेण्यात राहणाऱ्या वीस भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी बारा द्यायचे, म्हणजे बरोबर २४०. मुद्दल परत मागायचं नाही, खर्च फक्त व्याजातून. हे सगळं नगरसभेत वाचून दाखवलं आणि दप्तरी नोंदवलं, असंही त्याच लेखात आहे.

आज एखादं कुटुंब ‘आईबाबांच्या नावानं काहीतरी कायमचं करू या’ म्हणतं तेव्हा जुळवाजुळव हीच करायची असते. रक्कम किती, ती सांभाळणार कोण, खर्च कशावर आणि हे लिहून कुठे ठेवायचं. उषवदाताने चारही गोष्टी चोख केल्या होत्या. तरी आज ती श्रेणी नाही, तो दर नाही, ते भिक्षू नाहीत. म्हणून ‘कायमचं’ या हट्टापाशीच आधी थांबायला हवं असं मला वाटतं. बहुतेक मध्यमवर्गीय घरांनी कायमचं दान न करता वीस-पंचवीस वर्षं चालेल आणि मग संपेल असं दान करावं. हे ऐकायला रुक्ष वाटतं, पण आकडे मांडले की पटतं.

कुठल्याही जुन्या मराठी शाळेची बक्षिसांची यादी बघा. स्नेहसंमेलनात ती वाचली जाते तेव्हा मागच्या रांगा उठून बटाटेवड्याच्या दिशेनं निघालेल्या असतात. ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ संस्कृतात पहिल्या येणाऱ्या विद्यार्थिनीस रुपये पन्नास.’ १९८० च्या आसपास कुणीतरी ५०१ रुपये शाळेकडे ठेवले. मोठ्या मुदतीला तेव्हा दहा टक्क्यांच्या घरात व्याज मिळे, त्यातून पन्नासचं बक्षीस निघे, आणि पन्नासात तेव्हा मुलीला दोन-चार चांगली पुस्तकं येत. आज त्याच ५०१ वर पस्तीसेक रुपये येतात. शाळा अशा पन्नास ठेवी एकत्र करते, वरचे पैसे घालते किंवा नुसतं प्रमाणपत्र देते. मुद्दल जसंच्या तसं आहे, दान मात्र कधीच संपलं. फक्त ते कुणी जाहीर केलेलं नाही.

आता मोठी रक्कम घेऊ. दहा लाख रुपये, सात टक्के व्याज. सगळं व्याज वापरलं तर वर्षाला ७०,००० मिळतात आणि दोन मुलींच्या कॉलेजची फी, वसतिगृह यांना बऱ्यापैकी हातभार लागतो. महागाई वर्षाला पाच टक्के धरली तर पंचवीस वर्षांनी वस्तूंच्या किमती जवळजवळ ३.४ पट होतात. म्हणजे तेव्हाचे ७०,००० आजच्या विसेक हजारांइतकेच. कुणी म्हणेल, सगळं व्याज खर्चू नका, चार टक्के वापरा आणि तीन टक्के मुद्दलात घाला. ठीक. मग सुरुवात ४०,००० पासून होईल, पंचवीस वर्षांनी मुद्दल २१ लाखांच्या जवळ जाईल आणि वर्षाला ८४,००० सुटतील. आजच्या हिशेबात ते पंचवीस हजारच भरतात. उपयोगी पडेल इतकी रक्कम काढत गेलात तर मुदत ठेवीवर चालणारं कायमचं दान झिजतंच.

तिसरा मार्ग. त्याच दहा लाखांतून पहिल्या वर्षी ६३,००० द्या आणि ही रक्कम दरवर्षी पाच टक्क्यांनी वाढवत न्या. विसाव्या वर्षी सुमारे १ लाख ५९ हजार दिले जातील आणि तिथे मुद्दल संपेल. वीस वर्षं मुलींना फीच्या बरोबरीनं वाढत जाणारी मदत मिळाली. ज्या नातवाला आजी आठवते तो तोवर चाळिशीला येईल. त्याला वाटलं तर तो आपले पैसे घालून पुढे चालवेल, नाही वाटलं तर काम पूर्ण झालं म्हणून हिशेब बंद करेल. ज्या पणतूने आजीला पाहिलंही नाही त्याच्यावर पन्नास रुपयांच्या बक्षिसाचं ओझं नको.

टाटांचं दान टिकलं, पण त्यांची गोष्ट वेगळी. तिथे मुद्दल बँकेत नव्हतं, चालत्या कंपनीच्या भागभांडवलात होतं. आजही टाटा सन्सचे सुमारे ६६ टक्के भाग टाटा घराण्यातल्या न्यासांकडे आहेत. धंदा वाढला तसं दान वाढलं. ज्यांच्याकडे असं काही आहे त्यांनी कायमचा विचार जरूर करावा. बाकीच्यांनी टाटांची रक्कम सोडून द्यावी आणि त्यांच्या दस्तांचे शब्द बघावेत. शिकण्यासारखं तिथे आहे.

सर दोराबजी टाटांना मूल नव्हतं. पत्नी मेहेरबाई १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. १९३२ मध्ये, स्वतःच्या मृत्यूच्या थोडं आधी, त्यांनी दोन न्यास केले. एक पत्नीच्या नावाचा, रक्ताच्या कर्करोगावरील संशोधनासाठी. हेतू अगदी अरुंद. दुसऱ्यात जवळजवळ सगळी मालमत्ता घातली आणि हेतू मुद्दाम ऐसपैस ठेवला. स्थळ, राष्ट्र, पंथ असा कोणताही भेद न करता लोकांच्या उपयोगी पडावं इतका. त्या दुसऱ्या न्यासातून १९३६ मध्ये समाजकार्याचं शिक्षण देणारी संस्था निघाली, १९४१ मध्ये परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय उघडलं आणि १९४५ मध्ये होमी भाभांची मूलभूत संशोधन संस्था सुरू झाली. १९३२ मध्ये दस्त लिहिणाऱ्याच्या डोक्यात अणुविज्ञान असण्याचं कारण नव्हतं. शब्द मोकळे होते म्हणून अशी संस्था काढावी या भाभांच्या पत्राला विश्वस्तांना होकार देता आला. आणि अरुंद न्याससुद्धा आजवर चालला, कारण रक्ताचा कर्करोग अजून हरलेला नाही. प्रश्नच दीर्घायुषी असेल तर हेतू नेमका ठेवायला हरकत नाही. ‘टायपिंगच्या परीक्षेत पहिली येणारी मुलगी’ असा नेमका हेतू मात्र मागच्याच पिढीत कोरडा पडला.

फार मोकळं लिहिलं तर काय होतं तेही पाहा. मुंबईतल्या एका मृत्युपत्रात उरलेली मालमत्ता ‘धरम’साठी ठेवली होती. प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे ब्रिटिश काळातल्या शेवटच्या अपिलाच्या न्यायालयापर्यंत, गेलं आणि १८९९ मध्ये निकाल आला की हा शब्द इतका संदिग्ध आहे की त्यावर न्यायालयाला देखरेख ठेवता येणार नाही, देणगी रद्द. त्या माणसाची इच्छा स्वच्छ असेलही, पण कागदावर ती पकडता येईना. म्हणून ‘सत्कार्यासाठी’, ‘धर्मकार्यासाठी’ एवढंच लिहू नका. शिक्षण, वैद्यकीय मदत, गरिबांना साहाय्य असं क्षेत्र लिहा, त्यात आज काय करायचं ते लिहा आणि पुढे ‘हे काम अशक्य किंवा निरुपयोगी झाल्यास विश्वस्तांनी याच क्षेत्रातलं जवळचं काम निवडावं’ हे वाक्य घाला. हे वाक्य नसेल तरी कायद्यात वाट आहे: महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या ५५ व्या कलमाखाली मूळ हेतूच्या जवळचा हेतू न्यायालयाकडून ठरवून घेता येतो. पण एका वाक्यानं जे भागतं त्यासाठी नातवंडांना कोर्टाची पायरी का चढायला लावायची?

अटी घालाव्यात की नाही, यावर देणारे आणि घेणारे कायम भांडतात. चांगल्या अटीचं उदाहरण केईएम रुग्णालयाच्या आवारातच आहे. शेठ गोर्धनदास सुंदरदास यांच्या पश्चात त्यांच्या विश्वस्तांनी वैद्यकीय महाविद्यालयासाठी पैसे दिले आणि अट घातली की तिथे शिकवणारे भारतीयच असतील. १९२६ मध्ये कॉलेज सुरू झालं. वैद्यकीय शिक्षणातल्या वरच्या जागा त्या काळी बहुतकरून गोऱ्या अधिकाऱ्यांकडे असत, हे लक्षात घेतलं की त्या अटीचं वजन कळतं. अट एकच होती, संस्थेला पाळता येण्याजोगी होती, आणि कामाचा मूळ हेतूच ती सांगत होती. उलट ‘माझ्याच पोटजातीचा, माझ्याच तालुक्याचा, कलाशाखेचा’ असा तीन चाळण्यांचा विद्यार्थी शोधताना संस्थेचा कारकून मेटाकुटीला येतो आणि ठेव तशीच पडून राहते.

नाव देण्याबद्दल मात्र उगीच संकोच नको. मुंबईतल्या दोन मोठ्या दानांवर आयांची नावं आहेत: राजाबाई टॉवर प्रेमचंद रायचंद यांच्या आईच्या नावाचा, आणि धोंडो केशव कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसींनी पंधरा लाख रुपये दिले तेव्हापासून ते श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसींच्या नावानं ओळखलं जाऊ लागलं. नाव असलं की घरातली पुढची पिढी निदान चौकशी तरी करते.

प्रेमचंदांच्या दानातला दुसरा धडा जास्त कामाचा आहे. १८६४ मध्ये, कापसाची तेजी शिगेला असताना, त्यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि टॉवरसाठी दोन लाख दिले. पुढच्याच वर्षी अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं, बाजार कोसळला आणि प्रेमचंद पार बुडाले. टॉवर १८७८ मध्ये पुरा झाला. ‘मागाहून बघू’ म्हटलं असतं तर त्या जागी काय असतं कोण जाणे. ज्यांना जमेल त्यांनी हयातीत द्यावं. दुसरा फायदा असा की दिलेलं कसं वापरलं जातं ते डोळ्यांनी दिसतं आणि संस्था चुकीची निघाली तर पुढचा हप्ता दुसरीकडे वळवता येतो. पु. ल. आणि सुनीताबाईंनी हेच केलं. १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं ते त्यांनी देऊ केलेल्या एक लाखाच्या बळावर, आणि पुण्यातल्या आयुका या खगोलविज्ञान संस्थेतल्या मुलांच्या विज्ञानकेंद्राची ‘पुलस्त्य’ इमारत सुनीताबाईंच्या देणगीतून झाली.

स्वतःचा न्यास काढावा का? हौस बऱ्याच जणांना असते, लेटरहेडवर घराण्याचं नाव छापता येतं. पण महाराष्ट्रात सार्वजनिक न्यास म्हणजे धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, दरवर्षी लेखापरीक्षण, विश्वस्त वारला किंवा बदलला की नव्वद दिवसांत चेंज रिपोर्ट, आयकर खात्याकडे वेगळी नोंदणी आणि ठरावीक वर्षांनी तिचं नूतनीकरण, शिवाय वर्षाचं ८५ टक्के उत्पन्न कामावर खर्च करण्याचा नियम. मुलगा बंगळुरात, मुलगी टोरांटोत, आणि चेंज रिपोर्ट भरायला घरात कुणी नाही अशी स्थिती आली की न्यास नुसता कागदावर उरतो. तुमच्याकडे काही कोटी आणि रोज लक्ष घालणारा माणूस, दोन्ही नसतील तर हे लचांड घेऊ नका. चाळीस-पन्नास वर्षं नीट चाललेली संस्था शोधा, तिची मागच्या तीन वर्षांची लेखापरीक्षित पत्रकं मागवा आणि तिच्याकडे आपल्या नावाचा निधी ठेवा. पत्रकं द्यायला जी संस्था कां-कूं करते तिला देणगीही देऊ नये.

निधी ठेवताना चेकसोबत पत्र द्यायचंच. पत्र नसेल तर ती साधी देणगी धरली जाते आणि रोजच्या खर्चात जाते. मजकूर असा असू शकतो:

‘सोबतची रक्कम रु. १०,००,००० आमच्या आईच्या नावाचा स्वतंत्र निधी म्हणून जमा करावी. या निधीच्या मुद्दलातून व व्याजातून पुढील २० वर्षे गरजू मुलींच्या बारावीनंतरच्या शिक्षणास मदत द्यावी. पहिल्या वर्षी सुमारे रु. ६३,००० द्यावेत व ही रक्कम दरवर्षी सुमारे ५ टक्क्यांनी वाढवावी. अशी मदत देणे शक्य न झाल्यास मुलींच्या शिक्षणाच्याच अन्य कामासाठी ही रक्कम वापरण्यास आमची संमती आहे. निधीचा हिशेब दरवर्षी आम्हास व आमच्या पश्चात आमच्या मुलांस कळवावा.’

मुद्दल कायम ठेवायचंच असेल तर मात्र ‘कायम निधीत, म्हणजे कॉर्पसमध्ये जमा करावी’ हे शब्द लेखी हवेत. आयकराच्या नियमांत कॉर्पस ठरायला देणाऱ्याची लेखी सूचना लागते.

करसवलतीबद्दल थोडक्यात. लोकांच्या तोंडी ‘८०-जी’ बसलेली सवलत जुन्या करपद्धतीतच मिळते. नवी करपद्धत घेतली असेल तर विषय संपला. जुनीत असाल तर बहुतेक संस्थांना दिलेल्या देणगीच्या ५० टक्के रक्कम, तीही एकूण उत्पन्नाच्या दहा टक्क्यांच्या मर्यादेत, वजा होते. २,००० रुपयांवर रोख दिली तर वजावट शून्य. करासाठी दान करायचा हिशेब असाही तोट्याचाच, तेव्हा त्यावर संध्याकाळ घालवू नये.

मृत्युपत्रातून द्यायचं असेल तर आधी आपलं किती आहे ते तपासा. हिंदू एकत्र कुटुंबातल्या वडिलोपार्जित मालमत्तेत फक्त स्वतःच्या हिश्श्यापुरतं मृत्युपत्र करता येतं, आणि २००५ पासून मुलींचा हिस्सा मुलांइतकाच आहे. मुस्लिम कायद्यात वारसांच्या संमतीविना एक तृतीयांशापलीकडे मृत्युपत्रानं देता येत नाही. गोव्यात गणित आणखी वेगळं. वेगळा लग्नकरार नसेल तर नवरा-बायकोची संपत्ती सामाईक, प्रत्येकाचा अर्धा वाटा. आणि मुलंबाळं असतील तर आपल्या वाट्यातल्या निम्म्यावरच मृत्युपत्रानं मनासारखा हक्क. म्हणजे म्हापशातल्या जोडप्याची सामाईक मालमत्ता एक कोटीची असेल तर एकट्याला मृत्युपत्रानं देता येतील ते पंचवीस लाख. पुण्यातल्या वकिलानं लिहून दिलेला नमुना गोव्यात जसाच्या तसा चालत नाही तो यामुळे.

मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र हव्यातच. साक्षीदार शक्यतो वयानं लहान आणि लाभार्थींपैकी नसलेले घ्यावेत. संस्थेचं पूर्ण नाव, पत्ता आणि नोंदणी क्रमांक लिहा. सारख्या नावाच्या संस्था जिल्ह्याजिल्ह्यांत असतात. ती बंद पडली तर दुसरी कोणती, हेही लिहा. आणि बँकेत संस्थेचं किंवा मुलाचं नॉमिनेशन केलं म्हणजे झालं असं समजू नका. नॉमिनी हा रक्कम ताब्यात घेणारा. मालक ठरतो तो मृत्युपत्राने किंवा वारसाहक्काने. शेअर्सच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये हेच सांगितलं.

दादरचा किंवा सदाशिव पेठेतला फ्लॅट संस्थेला देण्याची इच्छा तर नेहमीच ऐकू येते. कृपा करून फ्लॅट देऊ नका, फ्लॅटचे पैसे द्या. सार्वजनिक न्यासाला स्थावर मालमत्ता विकायची असेल तर वर उल्लेखलेल्या विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या ३६ व्या कलमाखाली धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. जाहिरात, निविदा, मूल्यांकन, सुनावणी. तोवर सोसायटीचं मेन्टेनन्स संस्थेच्या बोकांडी. ‘माझ्या पश्चात एक्झिक्युटरने सदनिका विकून येणारी रक्कम अमुक संस्थेस द्यावी’ असं लिहिलंत की विक्री एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी करायला तुम्ही नेमलेला माणूस, करतो आणि संस्थेच्या खात्यात थेट पैसे येतात. एक्झिक्युटर मात्र धडधाकट आणि शहरातला बघा.

मुलांना हे सगळं मृत्युपत्र वाचतानाच कळलं तर निम्मे वाद तिथेच उगवतात. त्यांना आधी सांगा, त्याहून बरं म्हणजे कामाला लावा. काही घरांत वर्षश्राद्धाला सगळे जमतात, पानं वाढली जाईपर्यंत तासभर मोकळा असतो. त्या तासात यंदा कुणाला किती द्यायचं ते ठरवायचं. एकूण रकमेतला एक हिस्सा नातवंडांच्या मताने. चौदा वर्षांची नात कुत्र्यांच्या दवाखान्याला द्या म्हणाली तर द्यावेत, पण पुढच्या वर्षी त्या दवाखान्याचा हिशेब तिनेच सगळ्यांना वाचून दाखवायचा. आजोबांना कुत्र्यांपेक्षा वेदपाठशाळा जवळची असेल, तर त्यांनी आपल्या हिश्श्यातून तिला द्यावं. सगळ्यांचं एकमत व्हायची वाट बघत बसलात तर दान राहून जाईल.

परदेशातल्या मुलांबाबत एक गोष्ट फार उशिरा कळते. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी मुलाने आपल्या कमाईतून बँकेमार्फत दिलेले पैसे परकीय देणगी ठरत नाहीत. पण तो अमेरिकेचा नागरिक झाला की, हातात ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड असलं तरी, कायद्याच्या लेखी तो परकीय देणगीदार. मग त्याचे पैसे एफसीआरए, म्हणजे परकीय देणगी नियमन कायद्याखालची, नोंदणी असलेल्या संस्थेलाच घेता येतात, तेही स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यात. गावची वाचनालयं, पाठशाळा, छोटी वसतिगृहं यांच्याकडे ही नोंदणी सहसा नसते. ‘आमच्या मागे मुलगा पाठवत राहील’ ही योजना त्या दिवशी अडते. त्यामुळे गावच्या वाचनालयाला जे द्यायचं ते आईवडिलांनी इथल्या पैशांतून, हयातीत किंवा मृत्युपत्रातून, थेट वाचनालयाच्या नावे द्यावं. मुलाच्या वाट्यातून पुढे जाईल या भरवशावर ठेवू नये. मुलाला पुढे स्वतःचं घालायचं असेल तर एफसीआरए असलेली मोठी संस्था निवडून त्याचा निधी वेगळा ठेवावा, आणि दोन्ही निधींची पत्रं, पावत्या, संस्थेतल्या माणसाचा फोन नंबर एकाच फाईलमध्ये लावून ती फाईल कुठल्या कपाटात आहे ते त्याला आत्ताच सांगून ठेवावं.